कुणाची भीती वाजवी?

कायद्याच्या पुस्तकात एक शब्द आहे. वाजवी. आपला जीव जाईल अशी वाजवी भीती माणसाला वाटली तर तो समोरच्याचा जीव घेऊ शकतो आणि तरीही खुनी ठरत नाही. इंग्लंडात हे आहे, अमेरिकेत आहे, आपल्याकडं १८६० च्या दंडसंहितेपासून आहे. कांद्याचा भाव वाजवी, भाडं वाजवी, तसा हा शब्द. पण भीतीचा भाव कोण ठरवणार? ज्याच्या दारावर दगड पडतायत तो, की सहा महिन्यांनी पंख्याखाली बसून फाईल चाळणारा?

मी सूतगिरणीत रिंग खात्यात काम करतो. कायदा शिकलेलो नाही. जे काय वाचलं ते रात्रपाळी उतरून, वाचनालयाच्या पुस्तकांतून. पँथर हे नाव आपल्या पोरांनी १९७२ साली मुंबईत उचललं ते अमेरिकेतल्या काळ्या पोरांकडून, हे आपल्याला पाठ आहे. पण त्यांच्या हातातल्या बंदुकीमागं शंभर वर्षांची कोर्टकचेरी आहे, ती आपल्यात फारशी कुणी सांगत नाही. पोस्टरवरची बंदूक आपण बघितली. खटले बघितले नाहीत.

सुरुवात अशी की बंदूक ठेवण्याचा हक्क अमेरिकेच्या घटनेत लिहिलेला होता, फक्त तो काळ्यासाठी नव्हता. १८५७ साली ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश टॅनी यानं निकाल दिला की काळा माणूस नागरिक होऊच शकत नाही. का, तर त्याला नागरिक म्हटलं की त्याला कुठंही जाता येईल, सभा घेता येईल आणि हत्यार बाळगता येईल. म्हणजे बघा, आधी भीती ठरली, मग तिला शोभेल असा कायदा सापडला.

पुढं यादवी युद्ध झालं, गुलामगिरी गेली. १८६५ च्या नोव्हेंबरात मिसिसिपी राज्यानं लगेच कायदा केला: मुक्त झालेल्या काळ्यानं परवान्याशिवाय बंदूक, दारूगोळा, खंजीर, मोठा सुरा, काही म्हणजे काही ठेवायचं नाही. सापडलं तर दंड, आणि हत्यार जप्त होऊन कुणाला द्यायचं? ज्यानं चहाडी केली त्याला! गावकीचा कायदा कसा असतो हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्यात काही नवल वाटणार नाही.

सगळे कायदे इतके उघडे नव्हते. टेनेसी राज्यानं १८७९ साली पिस्तुलं विकायला बंदी केली, फक्त लष्करी आणि आरमारी बनावटीची पिस्तुलं सोडून. कायद्यात काळा, गोरा असा शब्दच नाही. पण ती लष्करी पिस्तुलं महाग, आणि हरलेल्या गोऱ्या सैनिकांच्या घरी ती आधीच खुंटीला टांगलेली. स्वस्तातलं पिस्तूल मात्र गुन्हा. कुठलं हत्यार बचावासाठी योग्य, हा प्रश्न गोऱ्या माणसाला दुकानात पडायचा. काळ्याचा प्रश्न कायद्यानं आणि खिशानं आधीच सोडवून ठेवलेला असायचा.

त्याच टेनेसीत मेम्फिस शहरात १८९२ साली काळ्यांनी चालवलेलं एक किराणा दुकान होतं. समोरच्या गोऱ्या दुकानदाराचं गिऱ्हाईक तुटलं. भांडण पेटलं. दुकानावर हल्ला होणार म्हणून काळे लोक बंदुका घेऊन रात्री राखण करत बसले. अंधारात साध्या कपड्यातली हत्यारबंद माणसं शिरली, ह्यांनी गोळ्या झाडल्या, तीन गोरे जखमी झाले. ते निघाले शेरीफचे लोक. दुकानाशी संबंधित तिघांना तुरुंगात टाकलं. त्यांची भीती वाजवी होती का, हे कुठल्याच कोर्टानं तपासलं नाही, कारण ९ मार्चच्या पहाटे जमावानं त्यांना तुरुंगातून ओढून नेलं आणि गोळ्या घातल्या. त्या तिघांतला एक जण आयडा वेल्स ह्या पत्रकार बाईचा जवळचा मित्र. तिनं पिस्तूल विकत घेतलं. त्याच वर्षी तिनं लिहून टाकलं की प्रत्येक काळ्या घरात विंचेस्टर रायफलीला मानाची जागा पाहिजे, आणि सरकार जे संरक्षण देत नाही ते तिनं द्यावं. विंचेस्टर म्हणजे त्या काळची एकामागून एक गोळ्या सुटणारी रायफल. जमाव मोठा असतो आणि घरातली माणसं थोडी, हे गणित त्या बाईला बरोबर कळलं होतं.

आता डेट्रॉइटकडं येतो. खरं सांगायचं तर हा लेख त्या एका घरासाठीच आहे.

डेट्रॉइट म्हणजे मोटारींच्या कारखान्यांचं शहर. १९१० साली तिथं सहा हजारांच्या आत काळे होते, १९२५ पर्यंत सुमारे ऐंशी हजार झाले. दक्षिणेतला जाच सोडून कामासाठी आलेले. आपले लोक कोकणातून, देशावरून गिरण्यांत आले तसेच. कामाला हात चालतात, शेजाराला माणूस चालत नाही. ठरलेल्या वस्तीतच त्यांना कोंबून ठेवलेलं.

ऑसियन स्वीट हा काळा डॉक्टर. गुलामांचा नातू. फ्लोरिडातल्या बार्टो गावचा. तिथं लहानपणी एका काळ्या माणसाला जिवंत जाळताना त्यानं झुडपात लपून पाहिलेलं. पुढं डॉक्टर झाला, व्हिएन्ना आणि पॅरिसला जाऊन जास्तीचं शिकून आला. १९२५ साली त्यानं गारलँड स्ट्रीटवर, गोऱ्यांच्या वस्तीत, १८,५०० डॉलरला विटांचं घर घेतलं. घराच्या खऱ्या किमतीपेक्षा पुष्कळच जास्त, कारण काळ्याला घर विकायचं तर विकणारा त्याचा वेगळा भाव लावतो.

त्याच उन्हाळ्यात शहरात दुसऱ्या एका काळ्या डॉक्टरला जमावानं नव्या घरातून हुसकून लावलं होतं. सामान फोडलं, घर लिहून घेतलं. स्वीटला हे सगळं ठाऊक होतं. त्याच्या गल्लीतल्या गोऱ्यांनी वस्ती सुधारणेच्या नावानं मंडळ काढून सभा घेतल्याचंही ठाऊक होतं. (वस्ती सुधारणा! शब्द किती सोज्वळ असतात.) म्हणून ८ सप्टेंबरला तो राहायला गेला तेव्हा सामानात पलंग, भांडी आणि बंदुका असं सगळं होतं. रायफली, एक शॉटगन, बरीच पिस्तुलं, गोळ्यांचा साठा. सोबत दोन भाऊ आणि काही मित्र. लहानगी पोरगी त्यानं सासूकडं ठेवली. बायको ग्लॅडिस बरोबर आली.

पहिल्या रात्री लोक जमले आणि नुसते बघत राहिले. दुसऱ्या रात्री, ९ सप्टेंबरला, शेकड्यांनी जमले. पोलीस होते, रस्त्यावर उभे होते, पण जमाव पांगवत नव्हते. दगड सुरू झाले. काचा फुटल्या. वरच्या मजल्यावरून गोळ्या सुटल्या. समोरच्या बाजूला लिओन ब्राइनर नावाचा गोरा माणूस उभा होता, तो मेला. दुसरा एक जखमी झाला.

ब्राइनर पाइप ओढत उभा होता, असं साक्षीत आलं. त्याच्या हातात दगड होता असं कुणी सिद्ध केलं नाही. तोही बायकामुलांचाच माणूस होता. ही गोष्ट आपल्या बाजूचे लोक सांगताना गाळतात. मी गाळणार नाही. गोळी जमावावर सुटते आणि एका माणसाला लागते, बंदुकीचं हे असंच असतं.

घरातल्या अकराही जणांना पकडलं. ग्लॅडिसलासुद्धा. आरोप खुनाचा.

काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी ह्या संघटनेनं क्लॅरेन्स डॅरो ह्या गोऱ्या वकिलाला आणलं. वय ६८. जज्ज होता फ्रँक मर्फी. ज्यूरी बारा जणांची, बाराही गोरे. सरकार पक्षाचं म्हणणं सरळ होतं: जमाव नव्हताच. थोडे लोक होते, संध्याकाळी हवा खायला निघालेले. भीती वाटण्यासारखं काही नव्हतं, म्हणून गोळी म्हणजे खून.

इथं आकड्याला महत्त्व आलं. मिशिगनच्या कायद्यात बारा हत्यारबंद किंवा तीस बिनहत्यारी माणसं जमली की तो बेकायदा जमाव धरायचे. म्हणून साक्षीदार माणसं मोजताना हात आखडत होते. एका पोराच्या तोंडून 'मोठी गर्दी' निघून गेलं, मग जीभ चावून तो 'थोडे लोक' म्हणाला. डॅरोनं त्याला धरलं, हे तुला कुणी शिकवलं म्हणून विचारलं. पोरानं कबूल केलं की पोलिसानं. ज्यांनी चौकीत आपल्या लोकांचे जबाब लिहून घेताना बघितलेत त्यांना हा प्रसंग वाचताना हसूही येईल आणि राग पण येईल.

पण माझ्या मते खटल्याचा जीव वेगळ्याच जागी होता. डॅरोनं ऑसियन स्वीटला साक्षीला उभं करून त्याची भीती विचारली. नुसती त्या रात्रीची नाही. बार्टोचं जळणं, आधीच्या उन्हाळ्यातला तो डॉक्टर, शहराशहरातल्या दंगली, सगळं. सरकारी वकिलानं हरकत घेतली: ह्याचा इथं काय संबंध? मर्फीनं ती साक्ष येऊ दिली. काळा माणूस खिडकीतून गोरा जमाव बघतो तेव्हा त्याला एकटी ती रात्र दिसत नाही, त्याच्या जातीचा सगळा इतिहास त्या गल्लीत उभा असतो. हे कोर्टानं ऐकून घेतलं. ज्यूरीला सांगताना मर्फीनं स्पष्ट केलं की आरोपीला त्या घडीला, त्याच्या जागेवरून जे दिसलं त्यावरून त्याची भीती तोलायची. आणि माणसाचं घर हा त्याचा किल्ला, तिथून त्यानं पळून जायची गरज नाही, हा नियम काळ्यालाही लागू.

किल्ल्याचा हा नियम मिशिगनमध्ये जुनाच. १८६० साली पाँड नावाच्या मासेमाराच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की घरावर, आपल्या गडीमाणसांवर हल्ला झाला तर माणूस उभा राहू शकतो, गरज पडली तर मारू शकतो. पाँड गोरा होता. म्हणजे नियम ६५ वर्षं पुस्तकात तयार पडून होता. एका काळ्याच्या घराला तो लागतो की नाही, एवढंच बाकी होतं.

पहिल्या खटल्यात ज्यूरीचं ४६ तास एकमत झालं नाही. दुसऱ्यांदा फक्त धाकटा भाऊ हेन्री, ज्यानं गोळी झाडल्याचं कबूल केलं होतं, त्याच्यावर खटला चालला. डॅरो सात तासांच्या आसपास बोलला. १३ मे १९२६ ला ज्यूरी चार तासांच्या आत परत आली. निर्दोष. पुढं बाकीच्यांवरचे आरोपही काढून घेतले.

हा विजय आहे आणि मी तो लहान करत नाही. पण किंमत बघा. पोरगी त्याच वर्षी क्षयानं गेली. ग्लॅडिसला तुरुंगात क्षय लागला असं मानतात, ती १९२८ साली गेली. ऑसियन स्वीटनं १९६० साली स्वतःवर गोळी झाडून घेतली. घर वाचलं, घरातलं माणूस राहिलं नाही. आणि त्याच्यामागं संघटनेचा पैसा नसता, देशातला नावाजलेला वकील नसता, मर्फी ऐवजी दुसरा जज्ज असता तर? कायदा तोच, कलम तेच, निकाल उलटा.

पुढच्या गोष्टी भराभर सांगतो. १९५६ च्या जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंगच्या घरावर बाँब टाकला तेव्हा त्यानं पिस्तूल बाळगायचा परवाना मागितला होता. अहिंसेच्या ह्या पुढाऱ्यानं! तो नाकारला गेला. लुइझियानातलं बोगालुसा हे तर गिरणीगाव, कागद गिरणीचं. रॉबर्ट हिक्स हा त्या गिरणीतला कामगार. १९६५ च्या १ फेब्रुवारीला त्याच्या घरी चळवळीतले दोन गोरे कार्यकर्ते उतरले होते. पोलीस प्रमुख सांगायला आला की जमाव येतोय, संरक्षण मिळणार नाही, ह्यांना घालवून दे. हिक्स नाही म्हणाला. फोनाफोनी झाली, शेजारपाजारचे काळे बंदुका घेऊन आले, आणि जमाव काही आला नाही. तिथंच 'डीकन्स फॉर डिफेन्स' ह्या संघटनेची शाखा उभी राहिली. दिवसा गिरणीत पाळी, रात्री ओसरीवर पाळी. एकही गोळी न उडता जे घर वाचतं ते कुठल्या खटल्यात येत नाही, म्हणून इतिहासात पण येत नाही. हिक्स नुसता बंदुकीवर थांबला नाही, कोर्टात गेला, आणि त्या जुलैत फेडरल जज्जनं पोलिसांना हुकूम दिला की चळवळीच्या लोकांचं रक्षण करा. मला ह्या सगळ्यांत हिक्स जास्त आवडतो.

मग १९६६ साली ओकलंडचे ब्लॅक पँथर. कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघड्यावर घेऊन फिरायला तेव्हा बंदी नव्हती, लपवून ठेवायला परवाना लागायचा. म्हणून त्यांनी लांब बंदुका निवडल्या, सगळ्यांना दिसतील अशा, आणि दुसऱ्या हातात कायद्याचं पुस्तक. पोलिसांच्या गाडीमागं फिरायचे. १९६७ च्या जुलैत गव्हर्नर रोनाल्ड रेगननं सही करून तो कायदाच बदलला. काळ्याच्या हातात कायदेशीर बंदूक दिसली की कायदा वर्षभर टिकत नाही.

आता आपल्याकडं. मेकॉलेनं १८३७ च्या मसुद्यासोबत लिहून ठेवलं की ह्या देशातले लोक अन्याय मुकाट्यानं सोसतात, त्यांना प्रतिकाराची हिंमत यावी म्हणून बचावाचा हक्क मोकळ्या हातानं दिलाय. आणि त्याच सरकारनं १८७८ साली हत्यार कायदा करून नेटिवांच्या हातातली बंदूक परवान्यात बांधली, गोऱ्यांना सूट ठेवली. एका हातानं हिंमत दिली, दुसऱ्या हातानं हत्यार काढलं. आपल्या महारांची गोष्ट तर अजून वेगळी. ज्यांनी कंपनीच्या पलटणीत बंदुका चालवल्या त्यांची भरती १८९० च्या दशकात बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केले, उपयोग झाला नाही. १९२७ च्या मार्चात महाडला सवर्णांनी आपल्या माणसांवर हल्ला केला तेव्हा जमलेल्यांत पलटणीत राहून आलेले कितीतरी होते. हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं आणि प्रकरण कायद्याच्या वाटेनं नेलं. ती भीती नव्हती. हिशोब होता. त्या गावात त्या दिवशी आपल्या हातून एक माणूस मेला असता तर कुणाची भीती वाजवी ठरली असती?

दंडसंहितेतलं कलम १०० सांगायचं की मरणाची, जबर दुखापतीची, बलात्काराची, पळवून नेण्याची वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा जीव घेतला तरी गुन्हा नाही. कलम १०३ मध्ये रात्री घर फोडणं आणि राहतं घर पेटवणं होतं. १ जुलै २०२४ पासून हे न्याय संहितेत कलम ३८ आणि ४१ म्हणून आलंय, गाभा तोच. अट अशी की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि सरकारी यंत्रणेकडं जायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. वेळ असेल तर! चौकी बारा कोसांवर, आणि चौकीतला माणूस पाटलाच्या ओसरीवर चहाला. ही वेळ कुठल्या घड्याळानं मोजायची ते कलमात नाही. आणि बचाव होता हे दाखवायचं ओझं आरोपीवर.

तरी आपल्याकडंही एक निकाल आहे, स्वीटच्या निकालाच्या जोडीला बसेल असा. १९५० च्या मार्चात कटनीला दंगल झाली. अमजद खान ह्याच्या शेजारीच त्याच्या भावाचं दुकान, ते जमावानं फोडून लुटलं. त्यानं बंदुकीचे दोन बार काढले, एक माणूस मेला. खालच्या कोर्टानं खुनी ठरवला. १९५२ साली सर्वोच्च न्यायालयानं सोडला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस, आधी नागपूरच्या हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती. त्यांनी सांगितलं की जमाव प्रत्यक्ष आत येऊन मारायला लागेपर्यंत माणसानं थांबायची गरज नाही, आणि अशा घडीची कृती सोनाराच्या काट्यावर तोलता येत नाही. एका मुसलमान दुकानदाराची भीती फाळणीनंतर पाच वर्षांच्या आत ह्या देशात वाजवी ठरली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पण त्याच्याकडं बंदूक होती.

खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबाच्या घरावर जमाव आला तेव्हा नव्हती. चौघे मारले. कोर्टात शिक्षा झाल्या, पण हे जातीच्या द्वेषातून झालं हे कोर्टानं धरलं नाही.

आमच्या गावात बारा बोअरची बंदूक एकाच वाड्यात होती. दसऱ्याला ती बाहेर निघायची, तिला हळदकुंकू लागायचं, आणि आमच्या वस्तीतली पोरं लांबून बघायची. ती कधी उडाल्याचं मला आठवत नाही. उडायची गरजच नव्हती.

हत्यार कायदा १९५९ चा. त्यात कलम १३ मध्ये बचावासाठी कुठली बंदूक हे कायद्यानंच सुचवलंय: आतून गुळगुळीत नळीची, नळी वीस इंचांपेक्षा कमी नाही अशी. म्हणजे तीच वाड्यातली बारा बोअर. कमरेला लावायचं पॉइंट बत्तीस रिव्हॉल्व्हर कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनतं, त्याची किंमत माझ्या कित्येक पगारांची. कलम १४ मध्ये एक ओळ आहे की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून कुणाला परवाना नाकारायचा नाही. अशी ओळ कायद्यात लिहावी लागली ह्यावरूनच आधी काय चालत होतं ते कळतं. आणि ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांत नियम ३ वाचा. जिथं अत्याचाराचा धोका आहे तिथं सरकारनं गरज पडल्यास इतरांचे परवाने रद्द करून हत्यारं जमा करून घ्यावीत, बेकायदा हत्यारं जप्त करावीत, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना जीव आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्यावेत. छापील आहे. मी दोनदा वाचलं, मग आमच्या खात्यातल्या चौघांना वाचून दाखवलं. त्यांतल्या एकानंही हे आधी ऐकलेलं नव्हतं. एकजण म्हणाला, "गरज पडल्यास म्हणजे कुणाला पडल्यास रं?"